बसण्याची सोय : आहे

बरकतपुरा,
मंगळवार, १८ नोव्हेंबर

प्रिय अक्का,

चार महिने तुला एक ओळ लिहिली नाही. माफ कर. वही उघडली की तुझे सुजलेले पाय दिसायचे, आणि मी ती मिटून टाकायची.

आज लिहिते आहे, कारण लेबर ऑफिसात उद्याच्या तपासणीची यादी आली. पहिलंच नाव तू कामाला होतीस त्या हिमायतनगरच्या साडीच्या दुकानाचं.

गेल्या वर्षीही मीच आले होते ना! आपण बहिणी आहोत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, तूही नाहीस. मॅनेजर म्हणाला, "देखो मॅडम, दो-दो स्टूल रखे हम." मी त्याच्यासमोरच तुला विचारलं, "कामाच्या वेळी बसता येतं का?" तू खाली बघत म्हणालीस, "हौ, मॅडम." सख्ख्या बहिणीला मॅडम! आणि मी 'बसण्याची सोय : आहे' यावर खूण केली.

संध्याकाळी तुझ्या घरी, पाय उशीवर ठेवून किती हसलीस! "सुमे, ते स्टूल बसायला नसतं गं, चढायला असतं. वरच्या फळीवरच्या साड्या कोण काढणार, तुझा कायदा?"

मी चिडले. म्हटलं, नियम नीट केले, नीट पाळले, की पिळवणूक संपते.

"बसलेली बाई मालकाला रिकामी दिसते. त्याला कुठला नियम लावशील?"

दुकानातच का नाही बोललीस, अक्का? आणि बोलली असतीस, तर मी ते लिहिलं असतं का?

तुझ्या पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात पोचली आणि तू गेलीस. डॉक्टर म्हणाले, उभं राहण्यानंच झालं असं सांगता येत नाही. मला तेवढ्यावर सुटायचं नाही.

मग नियम नकोतच का? तसंही म्हणवत नाही. तुझी मंगळवारची सुट्टी नियमानंच मिळाली होती. तेवढ्याच संध्याकाळी तू माझ्या वाट्याला आलीस.

आता तुझ्या काउंटरवर लक्ष्मी उभी असते. मी खरं लिहिलं तर बसायची परवानगी मिळेलही. पण जी बसेल तिला सीझन संपताच घरी पाठवतील, ते कुठल्या रकान्यात लिहू?

एवढं वचन देते : मॅनेजरसमोर मिळालेल्या 'हौ'वर पुन्हा कधी खूण करणार नाही. साहेब काय म्हणायचं ते म्हणोत.

तुझी,
सुमी

उद्या : जेवणाच्या सुट्टीत लक्ष्मीला दुकानाबाहेर गाठून विचारायचं.