बिजागरीला तेल कुणी घातलं?

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, तेवढी दोन अंगं मनाने वाकली असं समज). भावोजींचा खोकला आणि तुझा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा आहे. तू सात वेळा फोन केलास, मी उचलला नाही, कामात होतो.

तुझ्या स्वयंपाकघराचं करकरणारं दार मी पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी स्टुडिओत पळवून आणलं, ते अजून माझं पोट भरतंय. भुतांच्या सिनेमांना आवाज देता देता एक कळलं, की भूत तेच असतं, लोकांची भीती मात्र दर वेळी नवी असते. पहिल्या सिनेमाच्या वेळी सरहद्दीवर लढाई चालू होती. दार करकरलं की कुणी परका घरात शिरणार, म्हणून लोक खुर्चीत पाय वर घ्यायचे. पुढे धरपकडीचे दिवस आले. दिग्दर्शक म्हणाले, दार राहू दे, जिन्यावर नुसते बूट वाजव. तपासणीला आलेल्या सरकारी साहेबांनी मुंडकं नसलेली बाई बिनतक्रार पास केली आणि बूट तेवढे कापायला लावले. मग कारखाने बंद पडले. ओसाड कारखान्यात आपोआप भोंगा वाजतो असा सिनेमा केला, तर माणसं घाबरायची सोडून रडायलाच लागली (निर्माता सगळ्यांच्या आधी).

परवा एक तरुण दिग्दर्शिका आली. तिला म्हणे फक्त शांतता हवी, हल्ली लोकांना शांततेचीच धास्ती वाटते. मी पोट धरून हसलो. म्हटलं, बाई, आधी खरी भीती ऐक. दार ढकललं. काही नाही. पुन्हा ढकललं. बिजागरीला कुणीतरी तेल घातलं होतं. मी स्टुडिओच्या सुताराची अशी खरडपट्टी काढली की विचारू नकोस. तो बिचारा आईची शपथ घेत होता. मागे वळून पाहतो तर दिग्दर्शिकेने दोन्ही कान घट्ट दाबून धरलेले. मग मी सुताराला आणखी चार शब्द सुनावले.

भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : सुताराची माफी मागितली. तेल कुणी घातलंच नव्हतं.

आणखी एक ता. क. : कामाचं खोटं सांगितलं. फोनवर तू काय बोलतेस ते मला हल्ली ऐकूच येत नाही. गुरुवारी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं आहे आणि एकट्याने जायची मला भीती वाटते. येशील का?

शेवटचा ता. क. : आलीस की बेल वाजवत उभी राहू नकोस. कडी काढून ठेवतो, सरळ आत ये. मी दचकलो तर खुशाल हस.