म्हसबुडी येथील रो-हाउस क्रमांक सात आणि त्याची पाचवी सीमा

मी, देवराम काळू वेखंडे, बी. ए., वय वर्षे सदुसष्ट, निवृत्त मराठी शिक्षक, मूळचा मुरबाड तालुक्यातील, सध्या राहणार रो-हाउस क्रमांक सात, महेशपुरी सहनिवास, शहापूर–किन्हवली रस्ता, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी स्थिर आहे. शरीर मात्र सपाट जागी किंचित पश्चिमेकडे कलते. त्याबद्दल डॉक्टरांनी दाखल्यात शंका नोंदविली होती. घर पूर्वेकडे कललेले असल्यामुळे आठ वर्षे तोल सांभाळून ही सवय जडली, हे मी त्यांना घरी बोलावून दाखविले. त्यांनी चहा घेतला, निघताना दाराची चौकट धरली आणि शंका खोडली.

कलम १. माझी पत्नी सौ. प्रेमा हिचे मागील वर्षी आषाढात अल्पशा आजाराने निधन झाले. तिच्या मृत्यूस हे घर जबाबदार नाही. तसे असते तर मला पुष्कळ सोपे गेले असते. मला दोन अपत्ये: मुलगा हरेश, राहणार डोंबिवली, मुलगी अंजू, विवाहित, राहणार मुरबाड. दोघांनाही शुद्धलेखन येते.

कलम २. सदर रो-हाउस मी सन १९९६ मध्ये निवृत्तीच्या रकमेतून घेतले. त्याची चतुःसीमा अशी. पूर्वेस रो-हाउस क्रमांक सहा. खरेदीच्या वेळी दोन्ही भिंतींमध्ये हातभर फट होती, सध्या पोस्टकार्ड जात नाही. पश्चिमेस अंतर्गत रस्ता. दक्षिणेस ओढा, माहितीपुस्तिकेत त्यास 'जलदर्शन' म्हटले आहे. उत्तरेस कुंपणाची भिंत. कायद्याने चारच सीमा विचारल्या जातात, परंतु पाचवी नमूद करणे मी कर्तव्य समजतो: खालील बाजूस सीमा अद्याप निश्चित झालेली नाही. ओट्यास तीन पायऱ्या होत्या. आता एक दिसते. उरलेल्या दोन माझ्याच मालकीच्या असून जमिनीखाली सुस्थितीत असाव्यात.

कलम ३. हे कलम मालमत्तेचे नसून माझ्या चुकीचे आहे, व ते वारसांनी वगळू नये.

खरेदीपूर्वी मी सर्व कागद तपासले. बिनशेती आदेश पाहिला, फेरफार पाहिले, सातबारा तीनदा वाचला. सातबाऱ्यावर शेताच्या स्थानिक नावाचा रकाना असतो. त्यात लिहिले होते: म्हसबुडी. तलाठ्यांचे शुद्धलेखन मला परिचित असल्याने मी तो अपभ्रंश मानला आणि आठवडाभर अभ्यास करून मूळ शब्द शोधला: महेशपुरी. तेथून म्हेसपुरी, म्हसबुरी, म्हसबुडी. येथे प्राचीन शिवालय असले पाहिजे, असे मी साधार लिहिले. आधार माझेच होते.

त्याच आठवड्यात प्रेमा जागा पाहण्यास माझ्याबरोबर आली. भिमीबाई नावाच्या वृद्धा तेथे बांधावर गवत कापीत होत्या. त्यांच्या सासऱ्यांनी ती खाचरे आयुष्यभर कसली होती. त्या प्रेमाला म्हणाल्या, "गो बाय, हितं घर नाय ऱ्हात. माज्या सासऱ्याची म्हस चिखलनीला उतरली, ती वर आलीच नाय. शिंगा पन नाय दिसली. म्हनून म्हसबुडी."

प्रेमाने हे मला ओढ्याकाठीच सांगितले. मी तिला व्युत्पत्ती समजावली. ती सगळे ऐकून घेऊन म्हणाली, "अहो, शिवालय होतं तर मग तेही बुडालंच असणार की."

मी हसलो नाही. विकासक शामशेठ यांना मात्र माझा लेख फार आवडला. त्यांनी तो 'आपल्या भूमीचा इतिहास' या मथळ्याखाली पुस्तिकेत माझ्या नावासह व पदवीसह छापला आणि कमानीवर 'महेशपुरी' रंगवून घेतले. बावीस कुटुंबांनी येथे घरे घेतली. त्यांपैकी किमान नऊ जणांनी मला समक्ष सांगितले की लेख वाचून निर्णय झाला. मुरमाच्या भरावाखाली भाताचे खाचर आहे आणि त्याखाली म्हैस आहे, असे लेखात नव्हते.

कलम ४. पहिल्या पावसाळ्यानंतर फरशीवर ठेवलेला लाडू बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत स्वतः जाऊ लागला. शामशेठ अभियंत्यासह आले. अभियंता म्हणाले, "काकू, घर खचत नाहीये, बसतंय. नवीन घर थोडं बसतंच."

"मग त्याला पाट टाका," प्रेमा म्हणाली.

ते गेल्यावर तिने लाकडाच्या पाचरी तासल्या व प्रत्येक फर्निचरास समपातळीत आणले. एकूण पाचरी तेवीस. प्रत्येकीवर तिच्या अक्षरात चिठ्ठी आहे: 'कपाट, मागचा डावा', 'ह्यांची खुर्ची', 'देव्हारा, जपून'. दर पावसाळ्यानंतर ती त्या बदलीत असे. या तेवीस पाचरी मी हरेशला देतो. पलंगाखालच्या दोन जागेवर नाहीत. प्रेमाच्या पश्चात मी त्या स्वतः काढल्या आहेत. तिची बाजू पूर्वेची होती. पाचरी नसल्यामुळे सकाळी मी त्या बाजूस आढळतो. याहून अधिक खुलासा आवश्यक नाही.

माझ्या व्युत्पत्तीच्या चार वह्या मी कोणासही देत नाही. दोन फ्रिजखाली आहेत व तेथे उपयोगी पडत आहेत. उरलेल्या दोन शिलाई यंत्राखाली सरकवाव्यात.

कलम ५. विकासक शामशेठ यांना मी काचेची एक गोटी देतो. त्यांनी ती स्वतःच्या बंगल्यातील फरशीवर ठेवावी. ती जागीच राहिली, तर का राहिली, याचा त्यांनी विचार करावा.

क्रमांक सहाचे गणू धानके, निवृत्त कंडक्टर, यांच्याविषयी माझ्या मनात होता तो राग मी मागे घेतो. सन २००१ च्या सर्वसाधारण सभेत त्यांनी ठराव मांडला होता की सर्व सभासदांनी जड सामान पश्चिमेच्या खोलीत ठेवावे व पाहुण्यांनाही तिकडेच झोपवावे, म्हणजे वजन सारखे होईल. ठराव एकमताने संमत झाला. मी त्यातील दोन विभक्तिप्रत्यय सुधारले आणि हात वर केला. त्या दिवाळीत गणूंचे मेहुणे सहकुटुंब चौदा दिवस पश्चिमेस राहिले. घरात फरक पडला नाही.

कलम ६. स्वयंपाकघरातील भिंतीची तडा गेलेली बाजू मी अंजूस देतो. प्रेमाने तेथे, कॅलेंडरच्या मागे, पेन्सिलीने तड्याच्या टोकाशी रेघ मारून तारखा घातल्या आहेत, लहान मुलांची उंची मोजतात तशा. त्याखाली तिने लिहिले आहे: 'ह्याना सांगु नये, मनाला लावुन घेतिल.' मला हे तिच्या तेराव्यानंतर सापडले. त्यात शुद्धलेखनाच्या चार चुका आहेत. मी एकही दुरुस्त केलेली नाही. गिलावा कापून काढता आला तर अंजूने न्यावा. न आल्यास फोटो काढावा.

कलम ७. घर विकण्याचा हरेशचा आग्रह आहे. त्याने गेल्या आठवड्यात तडे बुजवून रंग दिला. कॅलेंडरच्या मागील भाग मी पाठ टेकून उभा राहिल्यामुळे वाचला. परवा त्याने कल्याणचे एक तरुण दांपत्य आणले. त्यांच्या हातात तीच पुस्तिका होती. बाईंनी देवळातून आणलेला नारळ सहज फरशीवर ठेवला, तो आपण होऊन पूर्वेच्या भिंतीशी, देव्हाऱ्याखाली जाऊन थांबला.

हरेश म्हणाला, "बघा, वास्तूने स्वतः नारळ घेतला."

दोघांनी हात जोडले. बाईंनी मला वाकून नमस्कार केला आणि विचारले, "लेख तुम्हीच लिहिलात ना, सर?"

मी "हो" म्हणालो. येत्या रविवारी ते बयाणा घेऊन येणार आहेत.

ते गेल्यावर मी हरेशला म्हणालो की त्यांना सांगितले पाहिजे.

"आबा, सांगितलं तर कोण घेणार? तुम्हाला आयुष्यभर इथं लोळत ठेवू का? मी तुमच्यासाठीच करतोय ना."

हे तो खरे बोलत होता. म्हणून त्यास दोष न देता मी अशी तरतूद करतो की माझ्या पश्चात हे घर कोणासही विकण्यापूर्वी घेणाऱ्यास ओट्यावर बसवून कलम २ व ३ मोठ्याने वाचून दाखवावे; रंग देण्यापूर्वी मी काढून ठेवलेले तड्यांचे फोटो दाखवावेत; घेणाऱ्याने स्वतःची गोटी आणावी; आणि भिमीबाईंचे म्हणणे पूर्ण ऐकल्याखेरीज खरेदीखत करू नये. कमानीवरील पाटी खरवडून तेथे मूळ नाव लिहावे. या कामी भिमीबाईंना मी काहीही देत नाही, कारण त्या या मृत्युपत्राच्या साक्षीदार आहेत आणि साक्षीदारास देणगी देणे वकिलांच्या मते बरे नव्हे.

कलम ८. येथवरचा मजकूर आज दोन्ही साक्षीदारांस वाचून दाखविला. गणू धानके यांनी फक्त मेहुण्यांच्या दिवसांबद्दल हरकत घेतली. ते म्हणाले, सोळा. भिमीबाईंनी अंगठ्यास शाई लावून घेतली आणि मग तो हवेतच धरून मला विचारले. त्या सर्वांशीच एकेरीत बोलतात. संभाषण आहे तसे नोंदवितो.

"मास्तर, ह्यो कागद चालू कदी व्हनार?"

"मी गेल्यावर."

"आन ती मानसं कदी येनार?"

"रविवारी."

"मग तू काय शनवारी मरनार हायेस?"

गणू हसले. मी कायद्याची बाजू सांगू लागलो, परंतु वाक्य पूर्ण झाले नाही. आठ वर्षांपूर्वी हीच बाई बांधावर उभी होती आणि मी तेव्हाही तिचे ऐकण्याऐवजी प्रेमाला काहीतरी समजावूनच सांगितले होते.

सबब कलम ७ मी माझ्या हयातीत, येत्या रविवारी, सकाळी दहा वाजता अमलात आणीत आहे. 'ह्यांची खुर्ची' पाचरीसह ओट्यावर आणून ठेवली आहे. तीवर भिमीबाई बसतील. मी उभा राहीन. हरेश रागावेल; रागावावे. घर विकले न गेल्यास मी येथेच राहीन व पाचरी बदलण्यास शिकेन.

भिमीबाईंनी यानंतरही अंगठा उठविण्यापूर्वी एक अट घातली: "खाली जागंचं नाव ल्हिलंयस ते म्हेसपुरी कुटं हाय मला ठावं नाय. मला ठावं नाय तितला अंगटा मी नाय देनार." त्यांची हरकत मान्य करून स्थळाच्या ओळीत मी स्वहस्ते दुरुस्ती केली आहे व खोडाखोडीवर सही केली आहे. अक्षरांची ओळ उजवीकडे उतरलेली दिसल्यास ती माझ्या हाताची थरथर समजू नये. कागद सरळ आहे.

लिहून ठेवणार: देवराम काळू वेखंडे (सही)

साक्षीदार: १. गणू महादू धानके, रो-हाउस क्रमांक सहा (सही)
२. भिमी वाळू हिलम, डाव्या हाताचा अंगठा

दिनांक: १८ नोव्हेंबर २००४, गुरुवार

स्थळ: म्हसबुडी