कानात आलेला आवाज

चिमणे,

हे पत्र तुझ्या हाती पडणार नाही, तरी लिहितो आहे.

आरोग्य संशोधन केंद्रात मी मुलाखतींचं रेकॉर्डिंग ऐकून टाइप करतो, हे तुला ठाऊक आहे. कुणी शिकवलं नाही, तरी माझ्या कागदावर उसासासुद्धा जागच्या जागी असतो. तरुण मुलामुलींचा गैरफायदा घेणारे नेमके कुणाला हेरतात, याचा सध्या अभ्यास चालू आहे. मुलाखतींतून नावं काढून टाकतात. आवाज कसा काढणार?

काल दुपारी खोलीत पिवळसर उजेड तरंगत होता. कानात एक आवाज पाण्याखालून यावा तसा वर आला, आणि तो तुझा होता. क्लासच्या सरांनी आधी भेटवस्तू दिल्या, मग त्यांची परतफेड कशी मागितली, ते तू सांगत होतीस. मुलाखत घेणाऱ्या ताईंनी विचारलं, "घरी कुणाला सांगावंसं वाटलं नाही?"

तू हसलीस. "मामा आहे की. पण तो आधी तारीख विचारेल, मग वेळ, मग सरांच्या शर्टाचा रंग. माणसाला रडायला तरी सवड नको का?"

मी रेकॉर्डिंग थांबवलं. उठून त्याच ताईंकडे गेलो आणि म्हणालो, "आवाज ओळखीचा आहे. हे काम दुसऱ्या कुणाला द्या."

कुणाचा, ते त्यांनी विचारलं नाही. "ती आता सुरक्षित आहे," एवढंच म्हणाल्या.

तू विश्वासाने बोललेलं माझ्या कानी आलं, हे तुला कळता कामा नये. म्हणून फक्त निरोप धाडतो, रविवारी ये. बोलावंसं वाटलं तर उलटसुलट, अर्धवट, कसंही बोल. नाहीतर नुसती बस.

तुझा,
प्रश्न गिळायला शिकणारा मामा