दोघांनी पुकारलेला हिरवा

वर्धा, रेल्वे क्वार्टर
९ नोव्हेंबर २०२४

ति. बाबांस,
मेघाचा सविनय जयभीम वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि आईच्या फोनवर बोलले तर आईला कळेल, म्हणून हे पत्र. तसाही माझा फोन तपासणीसाठी साहेबांकडे जमा आहे. आधी एवढं वाचा की मी धडधाकट आहे, कुठे खरचटलंसुद्धा नाही. आता खाटेवर बसा आणि मग पुढचं वाचा.

परवा गुरुवारी दुपारी आमच्या मालगाडीने लाल सिग्नल ओलांडला. गाडी गुलाबकाका चालवत होते आणि असिस्टंट मी होते. ज्या माणसाला तुम्ही स्वतःच्या हाताखाली नऊ वर्षं घडवलं, त्याच्याच इंजिनावर लेक लागली म्हणून तुम्ही सगळ्या नाचणगावला पेढे वाटले होते. त्याच जोडीची ही बातमी आहे.

रिकाम्या डब्यांचा रेक घेऊन पुलगावकडे निघालो होतो. मधल्या एका लहान स्टेशनाआधी वळणावर पहिला सिग्नल लागतो. तो पिवळा असेल तर पुढच्याला थांबायची तयारी ठेवायची, हे तुम्ही मला सायकलच्या आधी शिकवलंत. काकांनी हिरवा असं पुकारलं. मीही हात वर करून हिरवा पुकारलं. वळण संपलं तर समोर लाल, आणि त्याच्या पलीकडे आमच्याच लाइनीवर पॅसेंजर उभी. काकांचा हात हलेना. मला वाटलं, काका आहेत, त्यांना काहीतरी ठाऊक असेल. मग मात्र मी माझ्या बाजूचा इमर्जन्सी ब्रेक ओढला. गाडी थांबली तेव्हा पॅसेंजरचा शेवटचा डबा शंभर पावलांवर होता. डब्याच्या पाठीवरची ती पिवळी फुली अजून डोळ्यांपुढून जात नाही. दोन दिवस झाले, घास तोंडात घेतला की फुगतो.

आम्हा दोघांनाही इंजिनावरून उतरवलंय. पंचवीस तारखेला चौकशीत लेखी जबाब द्यायचा आहे. त्या स्टेशनातलं सिग्नलची नोंद ठेवणारं यंत्र आठवडाभर बंद होतं म्हणे, त्यामुळे सगळं आमच्या शब्दावर आलं आहे. काका म्हणतात, दोघांनी एकच लिहायचं, की सिग्नल आधी हिरवाच होता आणि आपण जवळ येताच उलटून लाल झाला. बाबा, मला हिरवा म्हटलेलं आठवतं. पाहिलेलं आठवत नाही.

आईला यातलं काही सांगू नका. ती बुधवारपर्यंत माझ्याकडेच होती, माझी अपुरी झोप पाहून गेली आहे, आता उगाच परत धावत येईल. पत्राची वाट पाहते.

तुमची,
मेघा


नाचणगाव
१२ नोव्हेंबर २०२४

चि. मेघास,
जयभीम व अ. उ. आ.

पत्र वाचून मी खरोखर खाटेवर बसलो. तू म्हणतेस आई बुधवारी गेली. बुधवारी तुझी ड्यूटी लागली म्हणून तू तिला कुलूप लावायला सांगून निघालीस, पण ती त्या दिवशी निघाली नाही. तुझे कपडे धुवायचे राहिले म्हणून रात्रभर थांबली आणि गुरुवारी निघाली. एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून पॅसेंजर धरली. पुलगावला मी तिला घ्यायला गेलो होतो.

घरी येईपर्यंत ती मला हातवारे करून सांगत होती, की मधल्या स्टेशनावर गाडी खूप वेळ थांबली आणि मागून एक मालगाडी येऊन अगदी जवळ उभी राहिली. ती शेवटच्याच डब्यात होती. इंजिनात कदाचित तू असशील म्हणून तिने दारातून हात केला म्हणे. मी हसलो होतो. मी तिला म्हणालो होतो, की वर्ध्यात काय एकच इंजिन आहे होय.

पोरी, मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. ती आता अंगणात तूर निवडते आहे आणि मी तिच्याकडे पाहून हे लिहितो आहे. चाळीस वर्षांचा संसार शंभर पावलांवर येऊन थांबला, हे तिला ठाऊकच नाही.

आता तुझा समाचार घेतो. असिस्टंटच्या बाजूला तो ब्रेक रेल्वेने शोभेला लावलेला नाही. चालवणारा चुकला तर विचारत बसू नये, ओढावा, म्हणून लावला आहे. तू किती सेकंद थांबलीस ते मला कळव. माझी चौतीस वर्षांची सर्व्हिस आहे, एकही डाग नाही, ती अशी वाट पाहून झाली नाही. मात्र गुलाब पिवळ्याला हिरवा म्हणेल हे मला पटत नाही. त्याच्याइतकी कडक नजर मी दुसऱ्या कोणाची पाहिली नाही. त्याला एकट्याला गाठून विचार. जबाबात जे खरं असेल तेच लिही, थूलांच्या घरात दुसरं लिहायची रीत नाही.

जेवत जा. आईसाठी नाही तर निदान बापासाठी जेव.

तुझा,
बाबा


वर्धा
१६ नोव्हेंबर २०२४

ति. बाबांस,
सविनय जयभीम वि. वि.

चार सेकंद. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. काका आहेत म्हणून चार सेकंद. तुमचं पत्र आल्यापासून मी घड्याळासमोर बसून चार सेकंद मोजते, आणि ते फार लांबलचक असतात. आई त्या डब्यात होती ही ओळ मी तीनदा वाचली. तिने हात केला ते मी पाहिलं नाही. मी फक्त फुली पाहत होते.

काल काकांच्या क्वार्टरवर गेले. मीराबाई काकूंनी चहा दिला आणि कपबशी काकांच्या हाताला लागेल अशी सरकवून ठेवली. मला तेव्हा काही वाटलं नाही. मी माझ्या जबाबाचा कच्चा कागद पुढे केला, तो त्यांनी खिडकीपाशी नेला, नाकाला लावला आणि तसाच घडी करून परत दिला. वाचला नाही. मग काकू आत गेल्या आणि काकांनी मला सांगितलं, की दीड वर्षापासून डावा डोळा गेलाच आहे आणि उजव्यालाही धुकं दिसतं. तपासणीच्या तक्त्यावरची अक्षरं त्यांनी पाठ केली होती. सिग्नल असिस्टंट आधी पुकारतो, मागून ते तेच पुकारतात. वर्धा ते बडनेरा प्रत्येक सिग्नल कुठे आहे हे त्यांना झोपेतही सांगता येतं, म्हणून आजवर कोणाला कळलं नाही.

मला ते सगळं एकदम उमगलं. नेहमी मी आधी पुकारायची. त्या दिवशी मी खाली वाकून पाण्याची बाटली शोधत होते. माझा आवाज येईना म्हणून काका सवयीने बोलून गेले, त्या वेळेला तो सिग्नल रोज हिरवाच असतो. आणि मी मान वर न करता त्यांचा हिरवा परत म्हटला. ते माझ्या भरवशावर होते, मी त्यांच्या. दोघांनी पुकारला आणि सिग्नल कोणी पाहिलाच नाही.

मी म्हटलं, काका, हे मला लिहावं लागेल. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, की जोडीदाराचं झाकायचं असतं हे मी ज्याच्याकडून शिकलो त्याला जाऊन विचार, तुया बापाच्या वतीनं चार वर्षं कोण ऐकून राह्यलं होतं.

बाबा, याचा अर्थ काय? तुमचे कान तर निवृत्तीनंतर गेले. आम्हाला असंच सांगितलं आहे.

उत्तर लगेच पाठवा. मला झोप येत नाही.

मेघा


नाचणगाव
२० नोव्हेंबर २०२४

चि. मेघास,
अ. आ.

दोन दिवस कागद पुढे घेऊन बसतो आणि उठतो.

गुलाब खोटं बोलला नाही. माझे कान नोकरीतच गेले. शेवटची चार वर्षं मला गार्डाची शिट्टी ऐकू येत नव्हती, वायरलेसवर कोण काय म्हणतो ते कळत नव्हतं. गुलाब ऐकायचा आणि माझ्या गुडघ्यावर बोटं वाजवून सांगायचा. एक टकटक म्हणजे चल, दोन म्हणजे थांब. एकदा पौषातल्या धुक्यात रुळावर इशाऱ्याचे पटाखे लावले होते. चाकाखाली ते तीनही फुटले आणि मी तसाच चाललो होतो. गुलाबने ब्रेक ओढला. गाडीत किती माणसं होती ते मी त्या दिवशी विचारलं नाही आणि नंतरही नाही. उतरल्यावर आम्ही दोघांनी चहा घेतला. मला वाटायचं, याला दोस्ती म्हणतात.

तो रविवारी इथे येऊन गेला. अंगणातल्या पायरीला ठेचकाळला, तेव्हा मी त्याचा हात धरला. त्याने माझ्या कानाशी तोंड आणून सांगितलं, की नोकरीचे सात महिने राहिले आहेत, इज्जतीनं उतरू दे, मेघाले समजाव. ज्याने माझी इज्जत चार वर्षं सांभाळली त्याला नाही म्हणायला माझ्याजवळ तोंड नव्हतं. मी हो म्हणालो.

तेव्हा पोरी, सिग्नल उलटला असंच लिही. तुझीही नोकरी वाचेल. मागच्या पत्रात मी मोठ्या ऐटीत रीत सांगितली, ती रीत मीच पाळली नव्हती. याची मला लाज वाटते, पण तरीही लिहितो आहे. गुलाबला मी आजारपणाची रजा घ्यायला लावीन. बापाचं एवढं ऐक.

बाबा


नाचणगाव, २१ तारीख

माही मेघा,
जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

तुया बाबानं हे पत्र टपालात टाकाले मायाजवळ देल्लं. पाकीट डकवतानी त्यानं मायाकडे पाह्यलं नाई, म्हणून मी उघडून वाचलं. मंग त्याच्या उशीखालचे तुये दोन पत्रं बी काढून वाचले. आता त्याचं अन् मायं, दोन्ही पत्रं एकाच पाकिटात टाकून राह्यली. त्याले सांगितलं आहे की मी वाचलं.

त्या डब्यात मायाजवळ आर्वीची एक बाई होती. तिचं लेकरू मायाच मांडीवर निजलं होतं. समोर दोघं म्हातारे शेंगा खाऊन राह्यले होते. मी त्या दिवसापासून त्यायचे चेहरे आठवून राह्यली.

तुया बाबाले ऐकू येत नाई हे मले तवाच मालूम होतं. घरी साहेब आले की मी पह्यले बोलत जावो, म्हणजे त्याले काय बोलाचं ते समजे. तपासणीले जातानी मीच त्याले शिकवलं की डाक्टरच्या ओठाकडे पाह्यजो. मायं त्यात काही चुकून राह्यलं असं मले कधी वाटलं नाई. घरच्या माणसाचं झाकलं, त्यात काय. गाडीत लोकं बसते हे माया कधी ध्यानातच आलं नाई. त्या दिवशी ते लोकं म्हणजे मीच होती.

गुलाब भाऊजी मले भावासारखा आहे. त्याच्या डोळ्याचं मले लई वाईट वाटते. पण त्याच्या रजेवर मले भरवसा नाई, आणि तुया बाबाच्या शब्दावर आता बिलकूल नाई. तू पाह्यलं नसन तर पाह्यलं नाई असं लिहिजो. नोकरी गेली तर घरी येजो, तूर सोंगाले माणूस लागतेच.

तुई माय,
कमला


वर्धा
२८ नोव्हेंबर २०२४

ति. बाबा आणि ति. आईस,
सविनय जयभीम वि. वि.

सोमवारी जबाब दिला. मी लिहिलं, की मी सिग्नल पाहिला नाही, वाकलेली होते, लोको पायलटने म्हटलं ते मी परत म्हटलं, आणि लाल दिसल्यावर चार सेकंद थांबले. काकांच्या डोळ्यांचंही लिहिलं. काकांनी आधीच सिग्नल उलटला असा जबाब देऊन ठेवला होता. माझा जबाब मोठ्याने वाचला जात असताना ते वाचणाऱ्याच्या आवाजाकडे तोंड करून बसले होते, मी मात्र दुसऱ्या कोपऱ्यात होते, वाचत कारकून होता.

साहेबांनी त्यांना विचारलं, यावर काही म्हणणं आहे का. काका म्हणाले, की पोरगी खरं बोलून राह्यली, माया कागद फाडा. कारकुनाने नवा कागद लिहून पुढे ठेवला, पेन दिलं. पेन कागद सोडून टेबलाच्या पांढऱ्या कापडावर टेकलं आणि तिथेच त्यांनी सही करायला सुरुवात केली. मी उठले, त्यांचं मनगट धरलं आणि ओळीवर आणून ठेवलं. त्यांनी सही पुरी केली. बाहेर आल्यावर म्हणाले, की दीड वर्षात काल रात्री पहिल्यांदा झोप लागली. मी जबाबात काय लिहिणार हे त्यांना बहुतेक ठाऊकच होतं. त्यांना उपचारासाठी पाठवलं आहे, पुन्हा इंजिन मिळणार नाही. माझं काय ते महिनाभरात ठरेल.

बाबा, मला तुमचा राग आला आहे आणि तो लवकर जाईल असं वाटत नाही. सगळं सांगते आहे, तर राहिलेलंही सांगते. साहेबांनी शेवटी विचारलं, की जोडीदाराचं असं झाकून गाडी चालवायची ही पद्धत तुमच्याच इंजिनावर होती की आणखी कुठे. मी म्हटलं, आधीपासून आहे. त्यांनी विचारलं, कोणाच्या इंजिनावर. मी म्हटलं, लहानू थूल, निवृत्त लोको पायलट, नाचणगाव. कारकुनाने आडनाव ऐकून लिहिणं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. हे लिहू का, असं त्याने विचारलं.

मी लिहा म्हटलं. त्याने लिहिलेलं मी स्वतः वाचून पाहिलं आणि खाली सही केली.

रागात असलात तरी उत्तर धाडा, आणि थोडी माया शिल्लक ठेवा.

तुमची,
मेघा