वळखू आलं का

अब्बा, तुमच्यावर फिल्म निघाली. गेल्या रविवारी बीडच्या नाट्यगृहात ती पहिल्यांदा दाखवली आणि मी पुढच्या रांगेत बसून पाहिली. खरं तर मी तुम्हाला हे उर्दूत लिहायला हवं होतं. पण मला मराठी शाळेत तुम्हीच घातलंत, आता भोगा.

दुकानाच्या पाटीवर तुम्ही स्वतःपुरतं ‘पेंटर’ एवढंच लिहिलं होतं. परवा स्टेजवरचे पाहुणे तुम्हाला ‘थोर कलावंत’ म्हणाले तेव्हा मला हसू आलं, आणि लगेच रडूही. तुमचं काम म्हणजे वारलेल्या माणसांचे चेहरे. बसस्टँडमागच्या त्या चिंचोळ्या दुकानात कुणी रेशनकार्डावरचा फाटका फोटो घेऊन यायचं, कुणी लग्नाच्या गर्दीतलं टाचणीएवढं डोकं दाखवायचं. घाटनांदूरच्या एका घरानं तर वडिलांचा फोटोच नाही म्हणून धाकट्या चुलत्याला तुमच्यासमोर आणून बसवलं होतं. “नाक ह्याचंच धरा, पण कपाळ लई मोठं होतं बगा त्यांचं.” तुम्ही न कंटाळता विचारत राहायचात, हसताना दात दिसायचे का, मान कुठं कलायची, राग आला की ओठ कसे व्हायचे. घरचे आपसात भांडायला लागायचे आणि तुम्ही तेवढ्यात नाक दुरुस्त करायचात.

मी शाळेतून येते, दप्तर टाकते, तुमच्या मागच्या स्टुलावर बसते. आपल्या गल्लीतल्या वारलेल्या शिंप्याचं चित्र चाललेलं असतं. मी म्हणते, छान झालंय. तुम्ही ब्रश खाली ठेवता. गिऱ्हाईक समोर असतं, म्हणून तुम्ही मराठीतच रागावता. “छान मनू नको. छान तर क्यालेंडर बी असतंय. वळखू आलं का, ते सांग.” मला तेव्हा फार लागलं होतं ते.

तुमची पारख वेगळीच होती. पाली गावच्या एका घरचं चित्र तयार झालं, न्यायला मुलगा आणि सून आले. तुम्ही चित्रावरचा कागद बाजूला केला आणि दारातून आत येता येता ती सून थबकली, पदर डोक्यावर ओढून भिंतीला सरकली. सासऱ्यांना जाऊन वर्ष होत आलेलं. मुलगा काय म्हणतोय ते तुम्ही ऐकलंही नाही. “बसला चेहरा,” म्हणालात आणि हात धुवायला गेलात.

फिल्म काढणारी मुलगी पुण्याची. गावोगाव फिरून, लोकांच्या भिंतींवरची तुमची चित्रं तिनं कॅमेऱ्यात घेतली. सगळं झाल्यावर माझ्याकडे आली आणि म्हणाली, आता त्यांचा स्वतःचा एक फोटो द्या. कुठून देणार? दादीला घरात माणसांचे फोटो, चित्रं चालत नव्हती, तुम्हीही कॅमेरा दिसला की चहा सांगायला उठायचात. राहिलं ते मतदान कार्ड. त्यावर डोळे अर्धे मिटलेले, बाकी सगळा काळोख. “हे कुणीही असू शकतं हो,” ती म्हणाली. मग तिचा चित्रकार मित्र कागद घेऊन माझ्यासमोर बसला.

“हसताना त्यांचे दात दिसायचे का?”

अब्बा, मला आठवेना. अम्मी असती तर तिनं सांगितलं असतं. मला तुमची पाठ आठवते. बनियनचं खांद्यावरचं भोक, मानेवरचा तीळ, रंग कालवताना हलणारा कोपर, सगळं आठवतं. मी कायम तुमच्या मागेच बसले ना! फिल्मकडून मला एवढंच हवं होतं, की तुमचा चेहरा पुन्हा एकदा समोरून दिसावा. आणि तो दिसायचा तर मलाच सांगायचा होता. मी अंदाजानं सांगत गेले. दात दिसायचे. मान डावीकडं. त्यानं काढलं, कागद माझ्याकडे वळवून विचारलं, जमलंय? मी म्हणाले, छान झालंय.

नाट्यगृहात गावागावची माणसं आली होती. पडद्यावर एकेक चित्र यायचं आणि अंधारात कुठून तरी हुंदका यायचा. एक म्हातारी उभीच राहिली, पदर सावरत शेजारणीला म्हणाली, “आगं, मामंजी हायेत आमचे!” तिला खाली बसवेपर्यंत पुढची दोन चित्रं निघून गेली. मी मनात म्हणत होते, बघा अब्बा, बसलेत सगळे चेहरे. शेवटी पडद्यावर तुम्ही आलात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पूर्वी तुम्ही दुकानात शिरलात की माझा हात आपोआप ओढणीकडे जायचा. तो मांडीवरच राहिला.

ते चित्र त्यांनी फ्रेम करून मला दिलंय. दादीची आठवण ठेवून भिंतीवर लावलं नाही, कपाटात ठेवलंय, पण दिवसातून एकदा काढून बघतेच. चांगला आहे माणूस. मायाळू दिसतो. आधी डोळे मिटले की निदान धूसर काहीतरी यायचं, आता तोच येतो, दात दाखवून हसत.

हे पत्र मी कुठं पाठवणार? पण पत्ता असता तरी पाठवलं नसतं. सुरुवातीपासून अब्बा, अब्बा करत मी त्या चित्रातल्या माणसाशीच बोलतेय.