कोणी कोणाला उचलायचे

धुळे, ३ जून १९९२

ती. नानामामांस,
बन्सीलालचा सा. न. वि. वि.

पुराला तोंड द्यायची गावांची ताकद मोजायचे आमच्या कॉलेजचे काम संपत आले. पक्की घरे, रेडिओ, फोन, ट्रॅक्टर असे धरून शंभर गुण. आपल्या बोरथडला पडले एकतीस! चाळिसाच्या आतली गावे तापीकाठावरून हलवावीत, अशी शिफारस पंधरा तारखेला जाणार. म्हणजे केळीच्या बागा इकडे आणि तुम्ही दोन कोस तिकडे.

त्यात पुरात निराधार पडणारे म्हातारे, आजारी किती, या प्रश्नापुढे तुम्ही सरपंच असून 'एकही नाही' लिहिलेत. सरांनी ते खोटे धरून दहा गुण कापले. गावात म्हातारे नाहीत, तर तुम्ही कोण? खरा आकडा उलट टपाली कळवा. मामींना नमस्कार.

आपला,
बन्सीलाल

बोरथड, ता. यावल
७ जून १९९२

चि. बन्सीलालास,
अ. उ. आशीर्वाद.

म्हातारे सव्वीस आहेत, माझ्यासकट. पण तुम्ही विचारले निराधार किती. आखाजीच्या सणाला, अक्षय्य तृतीयेला, आलेल्या लेकी सासरी परतल्या की चावडीवर नावे ठरतात, पाणी चढले तर कोणी कोणाला उचलायचे. मला जब्बारचा चांद उचलणार. मी जड म्हणून त्याने यंदा कुरकुर केली, तर तुझ्या मामीने मलाच दोन घास कमी खायला सांगितले. आंधळ्या शेवंताबाईला शेजारचा कौतिक. एकही नाव सुटले तर चावडी उठत नाही. मागच्या पुरात अकरा घरे गेली, माणूस एकही नाही. मग निराधार कोण लिहू?

'खोटे' हा शब्द मात्र झोंबला. माझी अक्का, तुझी आई, पडल्यापासून उठत नाही. तुमच्या कॉलनीत तिच्या नावापुढे कोणाचे नाव आहे?

तुझा मामा,
पितांबर

धुळे, १६ जून १९९२

ती. नानामामांस,
सा. न. वि. वि.

तुमचे पत्र सरांना वाचून दाखवले. त्यांनी कापलेले दहा गुण परत दिले आणि उचलणाऱ्यांच्या नावांचा नवा रकाना घातला, त्याचे वीस. बोरथड एकसष्ट! शिफारशीतून गावाचे नाव गेले.

मग नमुना म्हणून आमच्याच कॉलनीचा तक्ता भरायला सांगितला. घरे सगळी पक्की, फोन एकोणीस. जुन्या मापाने ब्याऐंशी गुण. नव्या रकान्यासाठी दारोदार फिरलो. लोक हसले. तीन वर्षे समोर राहणाऱ्यांनी विचारले, तुमच्या आई इथेच असतात का? मी दिवसभर कॉलेजात, ही शाळेत. आईच्या नावापुढे माझेही नाव लिहवेना. फार लाज वाटली, मामा.

आईने तो तक्ता मागून घेऊन वाचला. संध्याकाळी म्हणाली, मला भावाकडे पोचव.

रविवारी तिला घेऊन येतो. आखाजी होऊन गेली, हे ठाऊक आहे. एका नावासाठी चावडी पुन्हा बसवाल का?

तुमचा,
बन्सीलाल