विल्फ्रेडला पावसात फिरायचं सुचलं

प्रिय इनिडताई,

तुझ्या गुडघ्यांची चौकशी आधीच करून टाकते, नाहीतर उत्तरात तीन पानं त्यांच्यावरच जातील. भाऊजींचा खोकला काय म्हणतो? मला जरा सर्दी झालीये. तिचं कारण सांगायलाच हे पत्र.

गेल्या गुरुवारी सकाळी बाहेर पाऊस नुसता कोसळत होता आणि विल्फ्रेड म्हणाला, "हेस्टर, चल, टेकडीवर फिरून येऊ." ताई, एक्केचाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस पावसात फाटकापर्यंत दूध आणायलाही गेलेला नाही. मला तिथेच शंका आली. त्यात सँडविच त्यानं स्वतः केली आणि चीजवर लोणच्याऐवजी मुरांबा फासला. (लक्ष ठिकाणावर नसलं की असं होतं. या वयात पुरुषांचं लक्ष कुठे जातं, ते मला नको सांगूस.) कुंपणापाशी एक मेंढी उभी होती. तिला त्यानं टोपी काढून विचारलं, "आज लवकर निघालात, पाद्रीबुवा?" मला गाफील ठेवायचा डाव, दुसरं काय! मी हसले नाही. (मेंढीही नाही.)

पुढे चेस्टनटच्या झाडाखाली, लाल रेनकोट घालून कोण उभी असावी? वाचनालयातली टॅपलीबाई! मी बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं मागे राहिले आणि झुडपाआडून पाहिलं, तर तिनं त्याचा हात धरलेला. दोघं कुजबुजत पावलं मोजत होती, सतरा, अठरा, एकोणीस. नीट ऐकायला वाकले आणि घसरून चरातल्या चिखलात कंबरेपर्यंत बसले. विल्फ्रेड दोन हातांच्या अंतरावर आला, थेट माझ्याकडे पाहिलं आणि चालू लागला.

"आता बायको दिसेनाशीही झाली का?" मी ओरडले.

तो थबकला. "हेस्टर? कुठे आहेस गं?"

"सांगून टाका हो आता," टॅपलीबाई म्हणाली. "किती दिवस लपवणार?"

त्याची नजर चाललीये, ताई. डोळ्यांच्या डॉक्टरांनी वसंतातच सांगितलं होतं. टॅपलीबाईचा भाऊ आंधळा होता, म्हणून ती याला पावलं मोजायला शिकवतेय. मला एकट्यानं सांगायचा त्याला धीर होईना, म्हणून तिला बोलावलेलं. आणि दिसतंय तोवर टेकडीवरून दरी एकदा बघायची होती. वर पोचलो, तर धुकं. दरीचा पत्ता नाही.

"तुला काही दिसतंय का?" त्यानं विचारलं.

"काही नाही."

"मग आज आपण सारखेच," म्हणाला आणि हसला. मला हसू आलं नाही. मी मुरांब्याचं सँडविच शेवटपर्यंत खाल्लं.

तुझी,
हेस्टर

ता. क. ऑक्टोबरात पंधरा दिवस येशील? मी बोलावलं हे त्याला सांगू नकोस. आमच्या घराला रंग लावतायत म्हण.

ता. क. २. टॅपलीबाई दर मंगळवारी त्याला पुस्तक वाचून दाखवायला येणार म्हणते. आवाज गोड आहे मेलीचा. तू तीस वर्षं वर्गात मोठ्यानं वाचलंस, मी दुसऱ्या ओळीलाच अडखळते. ये आणि मला शिकव. मंगळवार मी कुणाला देणार नाही.